एका खात्यातून चौघी

कापूस फुटायला लागला की माझ्या मनात संशय येऊ लागतो. परवा डोळे दाखवायला अमरावतीहून अकोल्याला निघाले होते. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूर यायचं होतं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढरी शेतं सुरू झाली. बसमध्ये शेजारी बसलेली मुलगी मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. दोन अंगठ्यांनी, वर न बघता, भराभरा. मी चष्मा सावरून तिच्या पडद्यात डोकावले, तशी तिनं मोबाइल अलगद खिडकीकडं वळवला. मला राग आला नाही. माझी सगळी नोकरीच असं डोकावण्यात गेली, तिला काय बोलणार!

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे. शिकवण्यापेक्षा पकडण्यासाठी मी जास्त प्रसिद्ध होते, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. परीक्षेच्या दिवसांत मी वर्गात पाऊल टाकलं की बाकांखालून कागद चुरगळल्याचा आवाज यायचा. ओढणीच्या काठात, कंपासपेटीच्या तळाशी, मोज्यात, एकदा तर पायाच्या प्लास्टरवर लिहिलेली उत्तरं मी शोधून काढली होती. प्लास्टर खरं होतं, पाय खरोखरच मोडला होता. फक्त त्यावर मित्रांनी 'लवकर बरा हो' असं लिहायच्या जागी मोसमी वाऱ्यांची माहिती लिहून दिली होती. माझ्या माघारी पोट्टे मला 'जासूस मॅडम' म्हणत. वरवर मी रागवायची, पण ते नाव मला मनातून आवडायचं.

ज्या हंगामाची ही गोष्ट, तो शाळा बंद असतानाचा. साथीची भीती होती, वर्गांना कुलपं होती, आणि शिक्षण आता घरोघरी मोबाइलमधून पोहोचवायचं असं वरून ठरलं होतं. बोंडअळीची ती वर्षं, एकामागून एक आलेली. बियाण्याच्या पाकिटावर भरवसा नाही, फवारणीच्या औषधावर नाही, हवामानाच्या अंदाजावर तर नाहीच. दुकानातून आणलेलं पाकीट माणसं उजेडात धरून उलटसुलट करून बघायची आणि मगच फोडायची. अशा गावात माझ्यासारखीचा संशयी स्वभाव कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. त्यात परतीचा पाऊस लांबला. खालची बोंडं झाडावरच कुजली आणि वरची जी वाचली ती सगळी एकदम फुटली. वेचायला माणसं पुरेनात. शाळा नाही म्हणजे पोरी रिकाम्याच आहेत, असं म्हणत आया आपापल्या पोरींना बरोबर घेऊन वावरात जाऊ लागल्या. हे मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. पण पडद्यावर वर्ग भरवायला बसले की हे माहीत असणं कुठंतरी बाजूला राहायचं.

'एकात्मिक ऑनलाइन अध्यापन' असं त्या नव्या प्रकरणाचं नाव होतं. पत्रकात ते इतक्या वेळा आलं होतं की मला तेव्हाच शंका आली. ज्या गोष्टीचं नाव एवढं लांब, तिच्यात काहीतरी दडवलेलं असणार. ते मला शिकवायचं काम आमच्या शाळेच्या नईम सरांकडं आलं. नईम सर गणित शिकवायचे, मूळचे अकोटचे. घरात उर्दू, वर्गात पुस्तकी मराठी, आणि आमच्याशी बोलताना अस्सल वऱ्हाडी. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, मध्ये एक बाक सोडून ते मला शिकवायला बसायचे.

"एकात्मिक म्हणजे काय हो, सर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"म्हणजे म्याडम, एका चावीनं साऱ्या खोल्या उघडतात. हा वर्ग, हे मीटिंग, हे परीक्षेचे फॉर्म, हे कागद ठेवाचं कपाट, हे कॅलेंडर. खातं एकच."

"आणि चावी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तर?"

"काहून जाईन?"

"आजपर्यंत कोणाच्या हाती गेली नाही अशी एक चावी दाखवा मले."

नईम सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्याडम, तुमाले शिकाचं हाये का तपास कराचा हाये?"

दोन्ही करायचं होतं. त्या खात्यात शिरल्यापासून मला सतत वाटायचं की कुणीतरी बघतंय. लॅपटॉपच्या वरच्या काठावर कॅमेऱ्याचं ते बारीकसं छिद्र होतं, त्यावर मी माझ्या कपाळावरची टिकली काढून चिकटवली. वर्ग असला की काढायची, संपला की लावायची. नईम सरांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी येताना टिकल्यांचं अख्खं पाकीट घेऊन आले. "घरून देल्लं," म्हणाले. माझा संशय असा की घरी जाऊन नवराबायको पोट धरून हसले असणार. मी पाकीट ठेवून घेतलं. कॅलेंडर मला आदल्या दिवशीच सांगायचं की उद्या दहा वाजता तुमचा वर्ग आहे. त्याला कुणी सांगितलं? मीच सांगितलं होतं, आठवड्यापूर्वी, पण तरी मला ते आवडायचं नाही. कुणाचा निरोप आला की मी उत्तर लिहायच्या आत खाली तीन उत्तरं तयार असायची. 'ठीक आहे.' 'धन्यवाद.' 'नक्की.' मला 'ठीक आहे' असंच लिहायचं असलं तरी मी हट्टानं 'बरं' लिहायची.

वर्ग भरायचा म्हणजे पडद्यावर काळे चौकोन भरायचे. चौकोनात नाव, नावामागं माणूस आहे की नाही ते देवाला ठाऊक. मी हजेरी घ्यायची आणि त्या अंधारातून आवाज यायचे. "हो मॅडम." मागं शेळी ओरडायची, कुणाच्या घरात मिक्सर फिरायचा, कुणी कुणाला रागवत असायचं. प्रतीक्षा नावाच्या मुलीच्या चौकोनातून नुसता वारा यायचा. भरारा, सरळ कानावर. घरात बसलेल्या मुलीकडं एवढा वारा कुठून येतो? मी वहीत तिच्या नावापुढं एक टिंब काढून ठेवलं. संशयाची माझी जुनी खूण होती ती.

फॉर्मवरची पहिली चाचणी घेतली, तर सगळ्या वर्गाला वीसपैकी वीस. नकाशात पुणं समुद्रकिनाऱ्यावर दाखवणारा मुलगाही वीस. मी रडावं की हसावं अशा बेतात नईम सरांकडं गेले. त्यांनी मला प्रश्नांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा कसा करायचा ते दाखवलं. पर्याय कसे उलटेपालटे करायचे ते दाखवलं. वेळ कशी बांधायची, वेळ संपली की दार कसं आपोआप लागतं, तेही दाखवलं. हे सगळं मी एका बैठकीत शिकले. धड्यात चित्र कसं लावायचं, नकाशावर पोरांकडून नद्या कशा काढून घ्यायच्या, हे ते पंधरा दिवसांपासून सांगत होते, ते काही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"म्याडम," ते म्हणाले, "शिकवाच्या चाव्या सोडून तुमी पहाऱ्याच्याच चाव्या बऱ्या उचलल्या."

आणि मग त्यांनी सहज, जाता जाता, मला ती गोष्ट दाखवली. चारपाच जणांनी मिळून एकच कागद लिहायची सोय त्या खात्यात होती. त्या कागदाला बदलांचा इतिहास होता. कुणी काय लिहिलं, किती वाजता लिहिलं, काय खोडलं, सगळं तिथं राहायचं. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा रंग. मी खुर्चीत सरसावून बसले. तेहतीस वर्षं मी बाकांमधून फिरत जे शोधत होते, ते इथं रंगीत अक्षरांत मांडून ठेवलेलं होतं. सांगायला संकोच वाटतो, पण मला आनंद झाला. त्या यंत्राच्या कॅलेंडरवर, कॅमेऱ्यावर, कपाटावर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्याच्या या एका इतिहासावर मात्र मी डोळे झाकून विश्वास ठेवला. माझ्या संशयाला जे मदत करतं ते खरं असलंच पाहिजे, असा तो हिशोब होता, आणि त्याच्यात मला काही चुकीचं दिसलं नाही.

दहावीच्या मुलांना मी प्रकल्प दिला. 'आपल्या गावाचं पाणी.' चौघाचौघांचे गट, प्रत्येक गटाला एक कागद, प्रत्येकानं आपापल्या खात्यातून आपला भाग लिहायचा. चोरी होऊ नये म्हणून मी वेळ बांधली. दुपारी बारा ते दोन. दिवसभर मोकळा ठेवला असता तर कुणाचा दादा, कुणाचा काका बसून लिहून देणार, हे मी जाणून होते. त्या वर्षी परीक्षेचं काय होणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शाळेतल्या गुणांवरच निकाल लागणार अशी कुजबुज होती, आणि पुढं तसंच झालं. म्हणजे एकेका प्रकल्पाला वजन होतं.

प्रतीक्षासाठी ते जास्तच होतं. तिची आई संगीताबाई वर्षाच्या सुरुवातीला शाळेच्या फाटकाशी मला भेटली होती. तोंडाला पदर बांधलेला, हातात विळा. "मॅडम, हिले ऐंशीच्या वर भेटले त अकोल्याले मामाकडं धाडतो, अकरावी सायन्सले," ती म्हणाली होती. "नाही त मंग हाये मायासंगं, इथीच." इथीच म्हणजे कुठं ते तिनं हातातला विळा वावराकडं करून सांगितलं. प्रतीक्षा शेजारी उभी राहून पायानं माती उकरत होती. हुशार मुलगी, पण वहीतलं ते टिंब तिच्याच नावापुढं होतं.

दोन वाजले, दारं लागली, आणि मी एकेका गटाचा इतिहास उघडायला बसले. कुठं निळा, हिरवा, लाल, जांभळा. कुठं तीनच रंग, चौथा नावाला. प्रतीक्षाच्या गटाचा कागद उघडला आणि मी चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच रंग. चार भाग, खाली चौघींची नावं, लिहिणारं खातं एकटं प्रतीक्षाचं. आणि लिहिलेलं तरी कसं! चारी भागांची भाषा वेगळी. गटातल्या तबस्सुमच्या भागात तर असं होतं, की मशिदीमागची विहीर पहिल्यांदा आटली तेव्हा तळाच्या गाळात पितळेच्या तीन घागरी सापडल्या, आणि त्यांच्यावर बायकांची नावं कोरलेली होती. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कुठून माहीत? असली गोष्ट रचायला कुणीतरी मोठं माणूस लागतं. अकोल्याच्या त्या मामाचा मुलगा इंजिनिअरिंगला होता, हे मला ठाऊक होतं. त्यानं सांगितलं, हिनं उतरवलं, बाकीच्या तिघी आयत्या नावाला. माझं चित्र पूर्ण झालं.

मी समासात लिहिलं: 'चौघींचे काम एका खात्यातून झाले आहे. ही चोरी आहे. चौघींना शून्य.' आणि पाठवलं. शुद्ध, स्वच्छ, पूर्णविरामांसकट. थोड्या वेळानं त्याखाली खूण आली की निरोप पाहिला गेला. त्या दुपारी मला छान झोप लागली.

नईम सरांना सांगितलं तर ते मान खाजवत राहिले. "एकदा विचारून त पाहा तिले, म्याडम."

"विचारायचं काय? इतिहास समोर आहे."

"इतिहास हाये. पण बोट कोणाचं होतं तेवढंच सांगते थे."

मला वाटलं, सर मऊ मनाचे आहेत, पोरं त्यांना गुंडाळतात. मी विषय बदलला.

त्यानंतर प्रतीक्षाचा चौकोन पडद्यावर आला नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, लाज वाटली असेल, वाटायलाच हवी. दुसऱ्या दिवशी तबस्सुम आणि बाकीच्या दोघीही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं आणि तो वाऱ्याचा आवाज आला नाही, तेव्हा मला कसंतरी झालं. मी संगीताबाईला फोन केला तर फोन बंद. आणखी दोन दिवस गेले. संशयानं आता उलट तोंड केलं असेल असं कुणाला वाटेल, पण तसं काही नाही. मला वाटत होतं, मामाचा मुलगा गावात येऊन बसला आहे आणि मी त्याला समोरासमोर पकडणार आहे. पुढचं काम मी मुद्दाम त्याच वेळेला टाकलं, बाराला. आणि साडेअकराला नईम सरांच्या गाडीवर मागं बसले.

संगीताबाईच्या घराला कुलूप होतं, म्हणून तसेच तिच्या वावराकडं गेलो, गावापासून दोन किलोमीटरवर. ऊन चढलं होतं, तोंडावर रुमाल बांधलेला, त्यातून गरम श्वास चष्म्यावर यायचा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक निंब होता, त्याच्या सावलीत शिदोऱ्यांची गाठोडी ठेवलेली. समोर दहाबारा बाया आणि पोरी एका रेषेत पुढं सरकत होत्या, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस टाकत. वेचणीला लागलं की प्रत्येकीच्या वाट्याला झाडांच्या ठरलेल्या ओळी येतात. तिला इकडं पात म्हणतात. एकदा पात धरली की सगळ्यांच्या बरोबरीनं शेवट गाठायचा. कुणी मागं राहिलीच तर शेजारची आपल्या हातासरशी तिचीही चार झाडं उरकून घेते, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही म्हणत नाही. वऱ्हाडात जन्म गेला माझा, मला हे कुणी सांगायला नको होतं.

मामाचा मुलगा कुठंच नव्हता. एरवी शाळेच्या मॅडम वावरात आल्या की "या बसा, पाणी घ्या" असा गलका होतो. त्या दिवशी एकही मान वर झाली नाही. तबस्सुम अलीकडच्या बाजूला होती. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात आणि मग बोटं चिरतात.

"प्रतीक्षा कुठं आहे?" मी विचारलं.

"पातीवर," संगीताबाई म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

"बाराला काम टाकलंय मी. मोबाइल कुठं आहे?"

"शिदोरीच्या फडक्यात बांधून ठेवला. बंद हाये."

"बंद कशाला?"

"चालू ठेवून काय कराचं? पुन्हा चोर म्हनून घ्याचं?"

मी म्हणाले, की मी ते फक्त पोरींना दिसेल असं लिहिलं होतं. त्या खात्यात तशी सोय होती, मी ती नीट शिकले होते.

"आमच्या इथी फोनवर आलेलं सारं वाचून दाखवतेत, मॅडम," संगीताबाई म्हणाली. "तुमचा धडा बी आमी आयकतो. थे बी आयकलं. हिनं मोठ्यानं वाचाले सुरुवात केली, न् मधातच थांबली. मंग तबस्सुमनं पुरं केलं. साऱ्या वावरानं आयकलं."

पुढचं तबस्सुमनं सांगितलं, वेचता वेचता, माझ्याकडं न बघता.

"रेंज त निंबाखालीच येते, मॅडम. न् दुपारी वावरात फोन एकच, प्रतीक्षाच्या घरचा. आमच्या खात्यात शिराचं त नंबर येते बापाच्या फोनवर, न् बाप सकाळचा वर्ग झाला का फोन घेऊन जाते अकोटच्या बजारात. मंग प्रतीक्षा तथी बसून लिवत होती. आमी आपापलं इथून वरडून सांगत होतो. तिची पात आमी तिघींनी धरली, म्हनून मागं नाही राह्यली."

"घरून का नाही केलंत?"

"तुमीच त बारा ते दोन देल्लं."

अजूनही माझ्यातली जासूस मॅडम जिवंत होती, हे लिहिताना मला आज लाज वाटते. मी तिला म्हणाले, "मग सांग, तुझ्या भागात काय होतं?" भर उन्हात, चिरलेल्या बोटांनी कापूस वेचणाऱ्या पोरीची मी तोंडी परीक्षा घेतली.

तिनं सांगितलं. मशिदीमागची विहीर, आटलेलं पाणी, गाळ, घागरी. शब्दन् शब्द तोच. मध्येच पलीकडच्या पातीवरची यमुनाबाई, सत्तरीची असेल, कंबर न सरळ करता ओरडली, "तीन नाही व माय, पयल्या दिशी दोनच सापडल्या! तिसरी माही होती. थे दुसऱ्या दिशी भेटली. पोचा हाये तिले अजून!" आणि तबस्सुम तिथूनच म्हणाली, "मावशी, त्या दिशी काहून नाही सांगतलं मंग? म्या तीन लिवून टाकल्या ना!"

दोघीतिघी हसल्या. मला कळलं ते तेव्हा. मी ज्याला मोठ्या माणसाचा हात म्हणत होते तो हा होता, ओटी बांधलेला, रेषेत वाकलेला. चौघींनी चार भाग सांगितले होते आणि सगळ्या वावरानं ते दुरुस्त केले होते. माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्या वर्गानं भूगोल असा केला नव्हता. आणि मी त्याला शून्य दिलं होतं.

नईम सर केव्हाचे निंबाखाली जाऊन उभे होते. त्यांनी तिथून मला हाक मारली. त्यांच्या मोबाइलवर माझं खातं उघडलं, मी चार शून्यं खोडली, गुण भरले. दोन मिनिटांचं काम. माझा तो निरोपही पुसता आला. त्याच्या जागी मी लिहिलं, 'माझी चूक झाली. काम उत्तम आहे,' आणि पाठवलं. मला हायसं वाटलं. परत येऊन मी संगीताबाईला सांगितलं, की गुण दिले, पूर्ण दिले, निरोपही लिहिला आहे.

"फोन बंद हाये, मॅडम," ती म्हणाली.

"चालू केला की दिसेल."

"तिले दिसीन." तिनं ओटीतला कापूस दाबून बसवला. "थे साऱ्याईनं आयकलं होतं."

प्रतीक्षा पुढं अकोल्याला गेली, मामाकडं, सायन्सला. हे आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण त्या क्षणी ते कुणालाच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सगळ्यात पलीकडच्या पातीवर एक पोरगी पाठमोरी आहे, आणि मी आल्यापासून तिनं एकदाही मागं वळून बघितलेलं नाही. मी शिकलेल्या त्या सगळ्या एकात्मिक व्यवस्थेत यासाठी एकही बटण नव्हतं. तेहतीस वर्षांत मी वर्गासमोर कधी कुणाची माफी मागितली नव्हती. कशी मागतात तेही मला येत नव्हतं. वाटलं, नईम सरांनी माझ्यासाठी दोन शब्द बोलावेत. ते निंबाखाली मान खाली घालून मोबाइलकडं बघत उभे राहिले, आणि ते मुद्दाम तसं करत आहेत हे मला समजत होतं.

"बायांनो," मी म्हणाले, "ते काम चौघींचंच होतं. चोरी नव्हती. चूक माझी झाली. प्रतीक्षा, माझी चूक झाली."

हात चालतच राहिले. पलीकडच्या पातीवर ती पाठ तशीच वाकलेली होती. मग संगीताबाई पहिल्यांदा सरळ उभी राहिली, तिनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि माझ्याकडं बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तिकडच्या पातीवर आयकू नाही गेलं. मोठ्यानं बोला."

मी तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.